पेनड्राइव्हला गाव विचारणारे मेश्राम

"दिवंगत मेश्रामजी प्रेमळ होते, परंतु हाती आलेला अधिकार त्यांना सोडवत नसे. बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह वाचनालयाच्या संगणकाला जोडायचा तर त्यांचा परवलीचा शब्द लागे, आणि तो शब्द त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. अखेर कार्यकारिणीने नागपूरहून तज्ज्ञ बोलावून ती मुभा सर्वांना खुली करून घेतली. तेव्हापासून मेश्रामजी जे रुसले, त्यांनी संगणक कक्षात पुन्हा पाऊल ठेवले नाही."

हे उद्गार आंधळगावच्या आमच्या वाचनालयात भरलेल्या शोकसभेत प्राध्यापक कापगते यांनी काढले. कापगते वाचनालयाचे सचिव आहेत. त्यांचा आवाज भारदस्त आहे, आणि आवाज भारदस्त असला की मजकूर तपासून पाहण्याची गरज श्रोत्यांना वाटत नाही, असा माझा जुना अनुभव आहे. त्यांना तिथल्या तिथे अडवावे म्हणून मी उठून उभा राहिलो. नेमके त्याच क्षणी कुणीतरी दोन मिनिटांची शांतता जाहीर केली. सगळेच उभे राहिले आणि माझे उभे राहणे त्यात वाया गेले.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो व मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. परक्यांच्या बांधांवर उभे राहून दोन्ही बाजू ऐकण्यात माझी हयात गेली. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कचेरीतले कोणते कपाट कुणाच्या वाट्याला जावे यावरून जी जुंपली, तिच्यातही मी होतो आणि हरलो नाही. या वाचनालयाचा मी मेश्रामांच्या काळातही अध्यक्ष होतो व आजही आहे. तेव्हा वरील निवेदनात 'दिवंगत' हा एकच शब्द निर्विवाद आहे असे मी म्हणतो, ते रागाच्या भरात नव्हे. रागाच्या भरात मी याहून पुष्कळ कठोर बोलतो.

ज्यांनी मेश्रामांना पाहिले नाही त्यांच्यासाठी प्रथम पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. एका संस्थेने आपले वापरून झालेले काही संगणक आमच्या वाचनालयाला दिले होते. त्यांवर लिनक्स नावाची प्रणाली होती, कारण ती विकत घ्यावी लागत नाही. या प्रणालीचा स्वभाव करारी आहे. घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हे तिला आधी ठरवून हवे असते. वाचनालयात येणाऱ्या सर्वांसाठी 'वाचक' नावाचे एक खाते होते. त्या खात्यातून बातम्या वाचा, अर्ज टंकलिखित करा, काही आडकाठी नव्हती. मात्र बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह खोचला, तर यंत्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. त्याला जोडून घेण्याचा अधिकार फक्त मुख्य खात्याचा, आणि त्या खात्याचा परवलीचा शब्द मेश्रामांपाशी.

इथेच पहिली दुरुस्ती नोंदवतो. हे कुलूप मेश्रामांनी लावले नव्हते. यंत्रे आली तीच तशी आली. संस्थेच्या माणसाने जाताना तो शब्द सचिवांना सांगायला घेतला, तेव्हा सचिव कापगते म्हणाले होते, "ते तांत्रिक काम मेश्रामजींना सांगा, मला वेळ नाही." मी समोर होतो.

मेश्राम उंच आणि किडकिडीत. पांढरा सदरा, वर घट्ट बटण, खिशात मलमलचा घडी केलेला रुमाल. हा रुमाल नाकाला किंवा कपाळाला कधी लागला नाही. तो पेनड्राइव्हसाठी होता.

माझ्या भाच्याचे लग्न साकोलीला झाले. त्याने फोटो पेनड्राइव्हवर घालून पाठवले, आणि मी तो घेऊन संगणक कक्षात गेलो, तो प्रसंग सांगतो. मेश्राम खुर्चीतून अर्धे उठले.

"जयभीम अध्यक्ष साहेब. या, बसा. कोनाकडचा पावना?"

मी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"हा जी," माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे बोट करून ते म्हणाले.

"हा माझा आहे."

"तुमच्या हातात आहे. आला कोठून?"

"साकोलीहून. भाच्यानं पाठवला."

"मंग साकोलीचा पावना म्हना." त्यांनी रुमाल काढला, पेनड्राइव्हचे तोंड हळुवार पुसले. "एवढ्या धुराळ्यातून आला. हातपाय धुतल्याबिगर आत कसा घ्यावा?"

नंतर त्यांनी तो यंत्रात घालून पाहिला. तो गेला नाही. "लाजून राहिला," असे म्हणून त्यांनी तो उलटा केला. मग गेला. मेश्राम आपल्या टेबलाशी वळले, पडद्यावर एक काळी चौकट उघडून तिच्यात दोन बोटांनी काही ओळी टंकल्या, परवलीचा शब्द घालताना पंजा आडवा धरला, आणि थोड्याच वेळात माझ्या पडद्यावर एक छोटे चित्र उगवले.

"आला. आता बोला त्याच्यासंगं."

फोटो पाहताना ते शेजारी उभे राहिले. नवरी कुठली, तिचे वडील काय करतात, मांडवात जेवायला काय होते, साकोलीची बस आता कोणत्या वेळेला सुटते, सगळे त्यांनी विचारून घेतले. फोटो यंत्रात उतरवून झाले असे वाटून मी पेनड्राइव्ह ओढायला हात घातला, तर त्यांनी माझे मनगटच धरले.

"अहो, अहो! पावना जेवून राहिला!"

"म्हणजे?"

"यंत्र आतल्या आत देवाणघेवाण करूनच राहते साहेब, आपल्याले दिसत नाई. मधातच ओढला तं फोटो अर्धे होतात. जेवता मानूस ताटावरून उठवते का कोनी?"

मग त्यांनी पुन्हा त्या काळ्या चौकटीत निरोपाची ओळ टंकली, पेनड्राइव्ह हळूच काढला, माझ्या हातात दिला आणि मला दारापर्यंत सोडायला आले. मला की पेनड्राइव्हला, हे मी विचारले नाही.

हा सारा विधी ते प्रत्येकाशी करत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, पाहुण्याला आधी पायांवर घ्यायला पाणी द्यावे, मग गाव विचारावे आणि जाताना शिवेपर्यंत सोडावे, ही रीत आहे. ती माणसांच्या बाबतीतही आता पातळ झालेली असताना मेश्रामांनी ती पेनड्राइव्हला लावली होती. कोशाच्या रेशमी कापडाचे नमुने घेऊन येणारे विणकर, बचतगटाचा हिशोब आणणाऱ्या बाया, दंडारीच्या लोकनाट्याची गाणी भरून आणणारे कलावंत, सगळे त्यांच्यासमोर बसून गाव सांगत. हळूहळू गावाचीच ती भाषा झाली. "मेश्रामजी, बपेऱ्याचा पावना आनला," असे म्हणतच लोक आत येऊ लागले.

कापगते यांना मात्र हे सोसत नसे. त्यांचा पेनड्राइव्ह दर शनिवारी येई.

"कालेजातला पावना आला. हा घाईचा असते," मेश्राम म्हणत.

"मेश्रामजी, मला एक प्रश्नपत्रिका छापायची आहे. सोयरीक जुळवायची नाही."

"सोयरीक कोठं जुळवून राहिलो सर? नुसतं गाव विचारलं."

"तुम्हाला माझे गाव माहीत नाही?"

"तुमचं माहीत आहे. या पावन्याचं इचारून राहिलो," असे म्हणून ते पेनड्राइव्ह रुमालाने पुसू लागत. रांगेतले लोक हसत, आणि कापगते यांचा भारदस्त आवाज त्या हशात थोडा बारीक होई. माणूस पुढे शोकसभेत काय बोलतो, याची मुळे अशा ठिकाणी असतात. परंतु हे माझे अनुमान आहे, आणि अनुमान व वस्तुस्थिती यांत मी गल्लत करत नाही.

कार्यकारिणीच्या बैठकीत कापगते यांनी विषय काढला. सर्वसाधारण वाचकाला स्वतःचा पेनड्राइव्ह स्वतः का जोडता येऊ नये? प्रश्न रास्त होता, हे मी मान्य करतो. शत्रूचाही रास्त प्रश्न मी मान्य करतो. मेश्रामांना बोलावून घेतले.

"सर्वांना मुभा देता येते का?" मी विचारले.

"येते जी. सोपं आहे."

"मग काहून देत नाही?" कापगते यांचाही तोल गेला की ते आमच्या बोलीत येतात.

मेश्रामांना सांगता आले असते, की परक्या पेनड्राइव्हमधून यंत्राला रोग लागतो. गावोगावचे संगणकवाले हेच कारण पुढे करतात. पण ही यंत्रे आली तेव्हा, "ह्या प्रणालीले थो रोग धरत नाई," असे त्यांनीच अभिमानाने अवघ्या गावाला सांगून ठेवले होते. स्वतःच्या बचावाची वाट स्वतःच बुजवणारा इतका सरळ माणूस मी महसुलात पाहिला नाही.

"देतो नं," ते म्हणाले.

"केव्हा?"

"पाहू."

हे 'पाहू' फार टिकले. बांधीत रोवणी झाली, धान पिवळे पडले, कापून मळून घरी आले, तरी 'पाहू' तसेच उभे होते. कापगते यांनी बैठकीत 'अहंकार' हा शब्द वापरला. मी तो इतिवृत्तात घेऊ दिला नाही.

तो अहंकार नव्हता, हे मला कसे ठाऊक? मेश्राम आमच्याकडे येण्यापूर्वी काय करत होते, ते मी पाहिले आहे म्हणून. ते टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. ज्या काळात परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासन् तास बसावे लागे, त्या काळात या पट्ट्यातला प्रत्येक आवाज त्यांच्या कानावरून पुढे जात असे. कुणाला मुलगा झाला, कुणाची आई गेली, कुणाचा धान्याचा ट्रक अडला, हे जोडून देता देता कानी पडे. त्यांनी कधी कुणाचे कुठे सांगितले नाही, पण चौकशी जरूर करत. माझी आई आजारी असताना मी नागपूरला फोन लावत असे, तेव्हा जोडून देण्यापूर्वी ते विचारत, "काल ताप होता, आज कसं आहे जी?" मी त्यांचा चेहरा तोवर पाहिला नव्हता. बाजारात वांगी घेताना पाठीमागून कुणीतरी "बोला" म्हणाले, आणि मी, भाजीवाली व आणखी दोघेजण एकदम वळलो. तेव्हा मेश्राम मला प्रथम दिसले. आवाजावरून अवघा बाजार ज्याला ओळखतो, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग थेट डायल आले. ज्याचा त्याने नंबर फिरवावा आणि ज्याचे त्याने बोलावे. मेश्रामांना तक्रारी लिहून घेण्याच्या खोलीत बसवले. तक्रारवाले लोक चौकशी करण्याच्या मनःस्थितीत नसतात. पुढे पत्नी वारली. मूलबाळ नव्हते. राईस मिलमागच्या एका खोलीत ते एकटे राहत. सकाळी विहारात वंदना, दुपारी स्वतःच्या हातचा भात, आणि उरलेला सारा दिवस उरलेलाच. त्यांना वाचनालयात मी आणले. संगणक त्यांनी शिकून घेतला तो माझ्या आग्रहामुळे, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो; कारण शोकसभेत याचे श्रेयसुद्धा कार्यकारिणीला देण्यात आले.

आता मूळ मुद्दा. मुभा कुणी खुली केली?

मेश्राम वर्षातून एकदा बहिणीकडे बपेऱ्याला जात. असे ते गेले असताना राधाबाई नावाची एक म्हातारी वाचनालयात आली. तिचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. नातू तिने पाहिलेला नव्हता. गावचाच एक माणूस सुरतेहून आला, त्याच्याबरोबर मुलाने नातवाचा चालता-बोलता व्हिडिओ पाठवला होता. पेनड्राइव्ह त्या माणसाचा. तो त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होता. राधाबाईने तो पदराच्या गाठीत बांधून आणला होता. कक्षात कापगते होते. मी वर्तमानपत्राच्या दालनात होतो, मधले दार उघडे होते.

"सर, एवढा पावना पाहून द्या नं. माझा नातू आहे यात."

"मेश्रामजी नाहीत, बाई. उद्या या."

"उद्या हा मानूस नाई. आताच पाहून द्या. लवकर होते म्हनतेत."

"अहो, ते कुलूप माझ्या हातात नाही. मी काय करू?"

कापगते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या हातात खरोखरच काही नव्हते. मी स्वतः उठून मेश्रामांच्या बहिणीकडे फोन लावायला सांगितला. तिच्या घरी कुणी उचलला नाही. म्हातारी यंत्रासमोरच्या खुर्चीवर पेनड्राइव्ह मुठीत धरून बसून राहिली. तिने मध्येच एकदा तो कानाला लावून पाहिला. ऊन उतरले तशी ती उठली, पुन्हा गाठ मारली आणि गेली.

मेश्राम परतले त्या दिवशी कक्ष भरलेला होता. कापगते त्यांची वाटच पाहत असावेत.

"मेश्रामजी, तुमचा एक पाहुणा दारातून परत गेला. सुरतेचा. पाणीसुद्धा मिळालं नाही त्याला."

लोक सवयीने हसले. मेश्रामही हसू लागले होते, मग त्यांनी विचारले, "कोनाकडे आला होता?"

"राधाबाईकडे. नातू होता म्हणे आत."

"मंग? पाह्यलं तिनं?"

"कसं पाहील? किल्ली तर तुमच्याकडे."

 मेश्रामांनी त्या दिवशी कुणाच्याच पेनड्राइव्हला गाव विचारले नाही. निमूटपणे जोडून देत होते, निमूटपणे काढून देत होते. एका विणकराने न राहवून आपणहून सांगितले, "मोहाडीचा आहे जी हा," तर ते नुसते "हो" म्हणाले.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"गेलो होतो जी राधाबाईकडे," ते म्हणाले. "म्हने, काई हरकत नाई, पुढच्या खेपेले पाहीन. मलेच पानी देल्लं तिनं." मग त्यांनी काळी चौकट उघडली. "बसा साहेब. तुमी अध्यक्ष आहा. तुमच्यासमोर करतो."

काय करता, असे मी विचारले. त्यांनी समजावून दिले ते मला समजले तसे लिहितो. या प्रणालीत खात्यांचे गट असतात. ज्या गटाला बाहेरचे साठे जोडून घेण्याची मुभा असते, त्या गटात 'वाचक' हे खाते नेऊन बसवले की काम झाले. एकच ओळ टंकायची.

"एवढंच?"

"एवढंच. सोपं आहे म्हनलो होतो नं."

ओळ टंकून झाली. पण एंटरची कळ दाबण्यापूर्वी त्यांची दोन्ही बोटे वरच राहिली, आणि ते अचानक एक्सचेंजाविषयी बोलू लागले.

"थेट डायल सुरू झालं साहेब, त्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबानं पेढे वाटले. मी बी खाल्ला. चांगला होता. घरी गेलो तं बायको म्हने, आता लोकायले बरं झालं, थांबा लागत नाई. मी म्हनलो, हो, बरं झालं. अन् खरंच बरं झालं होतं जी. त्यात लबाडी नाई." ते पडद्याकडेच पाहत होते. "मंग दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. हेडफोन घातला कानाले. लय वेळ घालून बसलो."

त्यांनी कळ दाबली.

मी 'वाचक' खात्यातून माझा पेनड्राइव्ह घालून पाहिला. काहीच झाले नाही. मी म्हणालो, "मेश्रामजी, तुमची ओळ चुकली."

"चुकली नाई. नवीन मानूस घरात घेतला तं त्याले एकदा उंबरठ्याबाहेर जाऊन पुन्हा आत या लागते. बाहेर निघा, अन् मंग या."

मी 'वाचक' खात्यातून बाहेर पडलो, पुन्हा आत आलो आणि पेनड्राइव्ह घातला. चित्र आपोआप उगवले. मेश्रामांनी टेबलावरून हातही उचलला नव्हता.

"झालं," ते म्हणाले.

नागपूरचा तज्ज्ञ यानंतर आला. आमच्या बैठकीत त्याला बोलावण्याचे आधीच ठरले होते, आणि ठरलेले रद्द करण्याची पद्धत आमच्याकडे नाही. तो आला, 'वाचक' खात्यात बसला, खिशातला पेनड्राइव्ह घातला, आणि म्हणाला, "सर, ये तो पहले से चालू है." कापगते त्या वेळी त्याच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले होते. परत आले तेव्हा पडद्यावर चित्र होते, खुर्चीत तज्ज्ञ होता, आणि या दोन गोष्टींची सांगड त्यांनी आपल्या मनाने घातली. मी लगेच खुलासा करणार, तोच मेश्रामांनी मला डोळ्यांनी थांबवले. तज्ज्ञाला ते म्हणाले, "चहा घ्या जी. दुरून आलात." शोकसभेतली दुसरी चूक ती ही, आणि मेश्राम आता मला थांबवायला नाहीत, म्हणून मी ती दुरुस्त करीत आहे.

राहिले रुसण्याचे.

सुरुवातीला लोक जुन्या सवयीने त्यांच्याकडेच पेनड्राइव्ह धरत. ते म्हणत, "आता तुमीच लावा. यंत्र तुमाले ओळखते." लोकांना आधी गंमत वाटली, मग सोयीचे वाटू लागले, आणि त्यानंतर काहीच वाटेनासे झाले. आत यायचे, खोचायचे, काम करायचे, जायचे. राधाबाईचा सुरतेचा माणूस पुन्हा आला, तेव्हा तिला नातू दाखवला तो शेजारच्या खुर्चीवरच्या एका कॉलेजातल्या मुलीने. म्हातारीने पडद्यावरून हात फिरवला, त्या मुलीच्या गालावरून बोटे उतरवून कडाकडा मोडली आणि तिलाच आशीर्वाद दिला. मेश्राम आपल्या टेबलाशी बसून पाहत होते. त्यांच्या तोंडावर मत्सर नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ते उठून दारापर्यंत म्हातारीमागे गेले. पण ती मुलगी तिला सोडायला पुढे गेली होती, म्हणून दारातून वळले.

त्यानंतर त्यांचे टेबल रिकामे दिसू लागले, हे खरे. कापगते यांनी रिकामे टेबल पाहिले आणि रुसवा ठरवून मोकळे झाले. कक्षात आल्यावर टेबलाखेरीज इतरत्र पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नाही.

एका शनिवारी मी वर्तमानपत्र घेऊन तिथे गेलो, कारण दालनातला पंखा बंद होता. वाचकांसाठी मांडलेल्या यंत्रांपैकी एकावर मेश्राम बसले होते. साध्या 'वाचक' खात्यात, चार लोकांसारखे, आपली पाळी आल्यावर. लगतच्या यंत्रावर कापगते प्रश्नपत्रिका करीत होते. दोघांच्या कोपरांमध्ये वीतभरही अंतर नव्हते. काम संपल्यावर कापगते उठले, "जरा पाय घ्या काका" असे पडद्याकडे पाहतच म्हणाले आणि निघून गेले. मेश्रामांनी पाय घेतले.

त्यांच्या यंत्राला एक पेनड्राइव्ह लावलेला होता. नवा होता. पुढे पावसाळाभर आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, प्रकृतीने साथ दिली तोवर, ते तो घेऊन दररोज आले, रांगेत थांबले, तासभर बसले आणि गेले. मी अध्यक्ष या नात्याने नेहमी तिथे असतो. माझ्या साक्षीला आव्हान द्यायचे असेल त्याने अवश्य द्यावे.

"तुमालेही काम निघालं वाटते," त्या शनिवारी मी म्हणालो.

"हो जी," मेश्राम म्हणाले. "मानसाले काम पाहिजे."

मी चष्मा पुसून त्यांच्या पडद्याकडे पाहिले. पेनड्राइव्ह उघडलेला होता. त्याची पांढरी चौकट पडदाभर पसरलेली होती. मेश्राम अधिकाराला चिकटून होते आणि तो गेला म्हणून रुसून निघून गेले, असे ज्यांना अजूनही म्हणायचे असेल, त्यांना माझे उत्तर एवढेच आहे, की त्या पेनड्राइव्हमध्ये काहीही नव्हते.